कॉर्नर झाला की उठायचं

माझे वडील व्यायाम केल्याचं खोटं सांगायचे, आणि ते खोटं आहे हे मला कळतं, हेही त्यांना ठाऊक असायचं. संध्याकाळी शाळेतून शिकवून आलो की चपला काढता काढताच मी विचारायचो, "आबा, व्यायाम झाला?"

टीव्हीवरची नजर न हलवता ते म्हणायचे, "झाला की."

स्वयंपाकघराच्या दारातून माझी बायको मान हलवून मला नाही म्हणून सांगायची. मग मी मोठ्यानं सुस्कारा टाकायचा आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवायचा. बरेच दिवस आमच्या घरात एवढाच व्यायाम चालला होता.

गेल्या पावसाळ्यात आबा दारातल्या ओल्या फरशीवर घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळी बसली, यथावकाश हाडही जुळलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हाडाचं आम्ही बघितलं. आता पायात ताकद आणायचं तुम्ही बघा." हे 'तुम्ही' त्यांनी आबांकडे बघून म्हटलं होतं. मी ते माझ्याकडे घेतलं. तशी मला सवयच आहे. वर्गात कुणी नापास झालं तरी आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालणारा मी माणूस. ती फरशीसुद्धा घासून घ्यायची राहिली होती, आणि ती मी घासायला हवी होती, असं मी आजही मानतो. खरं तर त्या दिवशी पाऊसच असा होता की सगळी गल्ली ओली होती.

सुरुवातीला फिजिओथेरपीच्या एक बाई घरी येत. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी दिलेले व्यायाम अगदी साधे होते. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून उठायचं आणि परत सावकाश बसायचं. सावकाश बसण्यावर त्यांचा फार भर. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. दारातली एक पायरी चढायची आणि उतरायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. बाई समोर असल्या की आबा सगळं मन लावून करायचे. बाईंची स्कूटर गल्लीच्या तोंडाला पोहोचली की कॉटवर पाय पसरायचे.

"ह्याला व्यायाम म्हणत्यात?" ते म्हणायचे. "खुर्चीवरनं उठायचं आन् बसायचं. मग समदं कारकून पैलवान झालं असतं."

आबांचं आयुष्य उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथच्या मशीनवर उभं राहून गेलं. तरुणपणी सकाळी तालमीत बैठका मारून मग कामावर जायचे. त्या माणसाला टाचा उचल म्हणणं त्यांना थट्टा वाटत होती. एकदा तर मी घरी नसताना त्यांनी कॉटचा दांडा धरून जुन्या पद्धतीची एक बैठक मारायचा प्रयत्न केला आणि मांडी अशी धरली की दोन दिवस उठता आलं नाही. आमच्या पेठेत व्यायाम सुटतो तो असा. कमी करायचा म्हटला की कमीपणा वाटतो, म्हणून एकदम जास्त, आणि मग काहीच नाही.

बाईंच्या ठरलेल्या भेटी संपल्या तशी सूत्रं मी हातात घेतली. मी भूगोल शिकवतो. गेली कित्येक वर्षं पोरांना 'वही काढा' म्हणतोय. आबांशीही मी त्याच आवाजात बोलायला लागलो. मोबाइलला गजर लावला. शाळेतून मधल्या सुट्टीत फोन करायला लागलो. एकदा रागाच्या भरात म्हणालो, "उद्या उठता येणार नाही, तेव्हा मला हाका मारू नका." संध्याकाळी त्यांना पाण्याचा तांब्या हवा होता तर मला हाक न मारता काठी टेकत स्वतः उठून गेले. पाणी सांडलं. ते पुसताना मला माझीच लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशी गजर लावलेलाच होता.

मला त्यांच्या पायांची काळजी होती हे खरं. पण ते परत पडतील या भीतीतून मला माझी सुटका करून घ्यायची होती, हेही तितकंच खरं. त्यांना ते कळत असणार. स्वतःच्या भीतीपायी कुणी आपल्याला उठबस करायला लावत असेल, तर मीही टीव्हीचा आवाज वाढवला असता.

आबांना स्वतःला काय हवं होतं ते मात्र सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांना गॅलरीत बसायचं होतं.

आमच्याकडे पेठांचे फुटबॉल संघ आहेत आणि पावसाळा सरून थंडी लागली की त्यांचे सामने सुरू होतात. स्टेडियमच्या गॅलरीत, बरंच वर, आबांची जागा आहे. लिहिलेली नाही, पण आहे. तरुण असल्यापासून ते आणि त्यांचे मित्र तिथंच बसतात. आई गेली त्या वर्षीसुद्धा सुतक फिटल्यावर ते पहिल्यांदा घराबाहेर पडले ते त्या जागेवर बसायला. गॅलरीच्या पायऱ्या सिमेंटच्या, गुडघ्याएवढ्या उंच. धरायला कठडा नाही. दारातली वीतभर पायरी चढताना ज्यांना धाप लागत होती, ते रोज जेवताना म्हणायचे, "औंदा पहिली मॅच चुकवायची न्हाय."

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, एवढ्यात नको. पण नाही असं त्यांना सांगूही नका."

म्हणून मी माझ्या डोक्यानं मार्ग काढला. ओळखीनं खुर्च्यांच्या स्टँडचे दोन पास मिळवले. सावली, पाठ टेकायला जागा, चढायला दोनच बुटक्या पायऱ्या. रिक्षानं थेट दारापर्यंत नेलं, हाताला धरून बसवलं आणि आपण फार चांगलं काम केलं अशा समाधानात शेजारी बसलो. सामना आमच्या पेठेचा आणि पलीकडच्या पेठेचा होता. सुरू होऊन थोडा वेळ झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आमचा संघ पुढं सरकला की आमच्या आजूबाजूला शांतता पसरते.

स्टँडच्या त्या बाजूला पलीकडच्या पेठेची जुनी मंडळी बसतात. पिढ्यान्‌पिढ्या. शिवाजी पेठेत जन्मूनही हे मला माहीत नव्हतं, कारण नोकरी लागल्यापासून मी आबांबरोबर एकदाही सामन्याला गेलो नव्हतो.

आबांच्या पलीकडं बसलेल्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी विचारलं, "पावणं, कुठलं म्हणायचं?"

"शिवाजी पेठ."

त्यांनी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आन् हितं?"

"पोरगा मास्तर हाय," आबा म्हणाले.

यात त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी हातातला भडंगाचा पुडा आबांच्या पुढं केला.

उत्तरार्धात आमच्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, कुणाचं तरी डोकं लागलं आणि जाळी हलली. आबा ताडकन उठून उभे राहिले. दोन्ही हात वर, तोंडातून आरोळी. अख्ख्या रांगेत तेवढे एकटे उभे.

"बसा की पावणं, मागं दिसंना," मागून कुणीतरी खेकसलं.

माझं लक्ष वेगळीकडंच होतं. ते उठताना त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर हात टेकला नव्हता. माझ्या खांद्यावरही नाही. काठी खाली पडलेली होती.

घरी दारात रिक्षातून उतरल्यावर आबा म्हणाले, "तिथं मला परत न्यायचं न्हाय. वर न्हेत असलास तर ने. न्हायतर घरात बरा हाय मी."

पुढचे सामने त्यांनी खरंच सोडले. टीव्हीही बंद करून पडून राहायला लागले. आता मात्र मी घाबरलो. हा माणूस कॉटवरच राहणार, आणि तिथं त्याला मीच नेऊन ठेवलं, असं मला वाटायला लागलं.

आबांचे एक जिवलग मित्र आहेत, पेठेतले जुने टेलर. मी त्यांना मामा म्हणतो. गॅलरीत आबांच्या डाव्या हाताला त्यांची जागा. रोज दहाच्या सुमारास आमच्या कट्ट्यावर येऊन बसतात. एका रविवारी मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं; आबा गोल झाल्यावर कसे उठले तेही.

"मग?" मामा म्हणाले.

"मग घरी का उठत नाहीत?"

"घरात उठून बघायचं काय? तुझं तोंड?"

मला राग आला. मामांनी तो बघितला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "मास्तर, घरात तास घेऊ नगा. सकाळी त्याला मैदानावर आण. पोरं प्रॅक्टिस करत्यात, आम्ही तिघं बसतोच हाय. चौथा न्हाय म्हणून शिव्या द्यायला मजा येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत, दोनदा थांबत आम्ही मैदानावर गेलो. कडेला दगडी पायऱ्या आहेत. तिथं मामा आणि आणखी दोघे म्हातारे मफलर गुंडाळून बसले होते आणि एका बचावपटूच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. आबांना प्लॅस्टिकची खुर्ची दिली. मी त्यांचं कोपर धरून उभा राहिलो.

मामांनी नियम सांगितला. तो त्यांनी आदल्या रात्रीच ठरवला असावा. कॉर्नर झाला की सगळ्यांनी उठायचं. कॉर्नर कुणाचाही असो. लाथाडलेला चेंडू खाली येईपर्यंत उभं राहायचं, मग बसायचं. उठताना जो हात टेकेल, त्याचा त्या दिवशीचा चहा.

"मी बी?" आबांनी विचारलं.

"का? तू काय नवरदेव हायस?"

पहिल्या कॉर्नरला आबांनी हात टेकला. दुसऱ्यालाही. मामांनी स्वतःही टेकला आणि तो टेकलाच नाही म्हणून भांडले. मी पुढं होऊन आबांना बगलेत धरून उठवायला लागलो तसे मामा ओरडले, "सोड त्याला. तू लेक हायस का कुबडी? जा, तिकडं लांब जाऊन बस."

मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर जाऊन बसलो. तिथून मला चार म्हातारे उठताना आणि बसताना दिसत होते, आवाज ऐकू येत नव्हता. मला वाईट वाटलं, हे लिहायला हवं. जे माझ्यासाठी महिनोन्‌महिने केलं नाही, ते त्यांनी मित्रांसाठी आणि एका चहासाठी पहिल्याच सकाळी केलं होतं. मुलगा म्हणून आपण कमी पडलो असं वाटलं आणि त्यापेक्षाही, आपल्याला वगळलं असं वाटलं. थोड्या वेळानं आबा कशावर तरी डोकं मागं टाकून हसले. ऑपरेशननंतर मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मी भिंतीवरच बसून राहिलो.

मी बाईंना फोन करून हा प्रकार सांगितला. मला वाटलं त्या रागावतील. त्या एका सकाळी कामावर जाता जाता स्कूटर लावून मैदानावर आल्या आणि चौघांना उठता-बसताना बघून गेल्या. सुरुवातीला खुर्चीच ठेवा म्हणाल्या. मग वरची उंच पायरी, ती जमली की खालची बुटकी. काठी हाताशी हवी, शेजारी कुणीतरी हवं. "आणि पहिला आठवडा आजोबांनी हात टेकला तरी चालेल."

"तुमी म्हणता म्हणून आठवडाभर माफी," मामा म्हणाले.

"आणि थ्रो-इन झाला की उभं राहून टाचा उचलायच्या. सगळ्यांनी."

"बाई, आमची काय हाडं मोडल्यात?"

"मोडू नयेत म्हणून," बाई म्हणाल्या आणि हेल्मेट घालून निघून गेल्या. मामा बराच वेळ त्या गेल्या त्या दिशेला बघत होते. त्यानंतर थ्रो-इनला टाचाही उचलल्या जाऊ लागल्या.

पोरांनाही हे कळलं. मग ती मुद्दाम चेंडू गोलरेषेबाहेर घालवायला लागली. एकामागून एक कॉर्नर. आबा उभे राहून ओरडायचे, "ए, गोल मारायचा सोडून मला दमवाय लागलास व्हय रं?" आणि बसायचे. सावकाश बसायचे. ते मला लांबूनही दिसायचं.

हे सगळं रोज सुरळीत झालं असं नाही. मध्येच थंडीनं आबांच्या अंगात कणकण आली आणि चार दिवस घरी काढल्यावर त्यांना पुन्हा निघायचा कंटाळा आला. तेव्हा मामा येऊन कट्ट्यावर बसले आणि चहा पिऊन काठी आबांच्या मांडीवर ठेवून उभे राहिले. पण जास्त वेळा खंड पडला तो माझ्यामुळं. शाळेत परीक्षा सुरू झाल्या, पेपर तपासत मी उशिरा झोपायचो आणि सकाळी मला जाग यायची नाही. आबा आवरून, मफलर बांधून खुर्चीत बसलेले असायचे. एकट्यानं रस्ता ओलांडायचा नाही असं मीच त्यांना बजावलं होतं. मी डोळे चोळत बाहेर येईपर्यंत पोरं मैदानावरून गेलेली असायची. असं एक दिवस झालं, मग सलग तीन दिवस झालं.

पुढं एकदा बाई तपासायला घरी आल्या. आबांना खुर्चीवरून उठवून बघितलं आणि म्हणाल्या, "मध्ये खंड पडला का?"

"अंग दुखत हुतं माझं," आबा म्हणाले.

मी तिथंच उभा होतो. खरं सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं. बाई गेल्यावर मी विचारलं, "आबा, खोटं का सांगितलंत?"

"मग काय तुला शिव्या बसू देऊ त्या पोरीच्या?" ते म्हणाले. "तू बी रोज सांगतोस की. दमलो न्हाय, दमलो न्हाय म्हणतोस. जा, झोप जरा. उद्या मामा न्हील मला."

मामा न्यायला लागले. मी उठलो असलो तर मागून जायचो. आता माझ्या नसण्यानं काही अडत नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, किंवा थोडंच वाटत होतं. खुर्ची सुटली. वरची पायरी आली. उन्हाळा लागला तेव्हा आबा सर्वांत खालच्या पायरीवर बसत होते, आणि कॉर्नरला हात छातीशी घेऊन उठत होते. चहा बहुतेक वेळा मामांकडे असायचा. एके दिवशी बाईंनी त्यांना आमच्या गल्लीतल्या एका दुकानाच्या उंच जोत्यावर चढवून आणि उतरवून बघितलं आणि म्हणाल्या, "एक जण पुढं, एक जण मागं. घाई नाही. जा."

हंगाम संपत आला होता. सामना पुन्हा त्याच दोन पेठांचा, त्यामुळं स्टेडियम भरलेलं. लवकर गेलो तरी गॅलरीचा खालचा भाग गच्च होता. मामा पुढं, त्यांच्या खांद्यावर आबांचा हात, मागं मी. पहिल्या पायरीवर आबांनी चांगला पाय टाकला, क्षणभर तसेच थांबले आणि अंग वर उचललं. दुखरा पाय मागून आला. माझे दोन्ही हात त्यांच्या पाठीशी, पण न टेकता. वाटेत बसलेल्या पोरांनी पाय आवरून घेतले. कुणीतरी म्हणालं, "सरका रं, आबा चालल्यात वर." निम्म्यावर ते थांबले. छाती भात्यासारखी हलत होती. मला म्हणावंसं वाटलं, इथंच बसू, इथूनही चांगलं दिसतं. मी बोललो नाही. त्या सबंध वर्षात मी त्यांना केलेली सगळ्यांत मोठी मदत बहुधा तीच असेल.

बाकीचे दोघे वर आधीच बसले होते. मध्ये जागा ठेवली होती. आबा तिथं पोचले, वळले, हात छातीशी घेतले आणि सावकाश बसले. मग खाली मैदानाकडं बघितलं. मीही त्यांच्या शेजारी टेकायला लागलो.

"तू कुठं?" ते म्हणाले.

"बसतो की इथंच."

"हितं जागा न्हाय. ही आमची हाय. खाली बघ कुठं हाय का."

मामा हसायला लागले. मी सात-आठ पायऱ्या खाली उतरलो आणि दोन पोरांच्या मध्ये अंग चोरून बसलो. पाठीमागं आबा आहेत हे माहीत होतं, पण दिसत नव्हते. पहिली काही मिनिटं मी सारखा मागं वळून बघत होतो. मग हळूहळू खेळात गुंतलो.

पहिला कॉर्नर पलीकडच्या पेठेला मिळाला. मी मागं वळलो. सगळी गॅलरी बसलेली आणि वर चार म्हातारे उभे, एका ओळीत. आमच्याच लोकांनी त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं. विरुद्ध संघाच्या कॉर्नरला कोण उभं राहतं? आबांचे दोन्ही हात छातीशी होते. त्यांनी मला बघितलं आणि हनुवटीनं खूण केली. ऊठ.

मी उठलो. पायरी खोल होती, पोट मध्ये आलं, गुडघा कुरकुरला, आणि रोजच्या सवयीनं मी गुडघ्यावर हात दाबून वर आलो.

"ए मास्तर!" आबांचा आवाज गॅलरीभर गेला. लेथच्या खडखडाटात बोलून कमावलेला आवाज. "हात टेकलास! चहा तुझ्याकडं!"

आसपासची पोरं फिदीफिदी हसायला लागली. त्यातली दोन-तीन तर माझ्याच वर्गातून गेलेली होती. त्या कॉर्नरचं काय झालं ते मी बघितलंच नाही. वर मामा कुणाच्या तरी पाठीवर थाप मारत होते आणि आबा अजून उभेच होते, माझ्याकडे बोट दाखवत.

"आता बस," ते ओरडले. "सावकाश बस."

मी हात छातीशी घेतले आणि सावकाश खाली बसलो.